मुलांच्या कराटे वर्गाचा अभिप्राय: शिकवणी चांगली, करारपत्र आक्षेपार्ह

सांगलीच्या विश्रामबाग भागातील ज्या कराटे वर्गात माझी आठ वर्षांची मुलगी नऊ महिने जात होती, त्या वर्गाला एकच गुण देणे मला जमत नाही. तिथे पालकाच्या पदरात दोन निरनिराळ्या गोष्टी पडतात: एक गादीवर चालणारे शिक्षण आणि दुसरी प्रवेशाच्या टेबलावर पुढे सरकवले जाणारे चोवीस महिन्यांचे करारपत्र. शिक्षणाला मी पाचापैकी चार गुण देतो. करारपत्राला एक गुण देतानाही हात आखडतो. वर्गाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा व्यवहार मिटलेला आहे, एका परिचित पालकांचा अजून मिटायचा आहे, आणि जवळजवळ तोच मजकूर मी मिरजेतील एका तायक्वांदो वर्गाच्या आणि सांगलीतल्याच एका नृत्यवर्गाच्या कागदांवरही वाचलेला आहे. त्यामुळे अभिप्राय एका वर्गाचा असला, तरी मुलांना अशा कोणत्याही वर्गात घालण्याच्या विचारात असलेल्यांना त्यातील बराचसा भाग उपयोगी पडावा.

प्रथम शिकवण्याविषयी, कारण त्याबाबत तक्रारीला जागा फार थोडी आहे. वर्ग शोतोकान शैलीचा आहे. पहिल्या महिन्यात मुलांना लाथ मारायला शिकवत नाहीत. उभे राहायला, मूठ वळायला आणि अंग सांभाळून पडायला शिकवतात. मूठ वळताना लहान मुले अंगठा हमखास बोटांच्या आत दाबून घेतात, आणि तशा मुठीने जोरात ठोसा मारला तर पहिली इजा त्या अंगठ्यालाच होते. मुख्य प्रशिक्षक प्रत्येक मुलासमोर गुडघ्यावर बसून आधी चार बोटे मिटवून घेत, मग अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटावर बाहेरून आडवा ठेवायला लावत, आणि मनगट वाकत नाही ना हे पाहण्यासाठी स्वतःच्या तळहातावर हलका ठोसा मारून घेत. वीस मुलांच्या बॅचमध्ये हे नेमाने होत असे. समोरची लाथ, म्हणजे माए गेरी, शिकवताना गुडघा वर, पाय पुढे, पाय मागे आणि मग पाय खाली असे चार आकडे मोजले जात. पाय मागे न घेता तसाच खाली टाकणाऱ्या मुलाला पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करावी लागे. ओरडणे नव्हते, मारणे तर नव्हतेच. कुमिते, म्हणजे लढतीचा सराव, पहिले सहा महिने नव्हता, आणि सुरू झाला तोही एका पावलाचा, ठरवून दिलेल्या हल्ल्याचा आणि ठरवून दिलेल्या बचावाचा. मुलीचा भित्रेपणा गेला असे मी म्हणणार नाही, तो माहितीपत्रकातला मजकूर आहे; पण तिची उभे राहण्याची ढब बदलली, डावे-उजवे वळताना होणारा गोंधळ संपला, आणि हेइआन शोदान ही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, ती आजही घरी न अडखळता करते.

जागा बरी आहे. पहिल्या मजल्यावरचा हॉल, हवा खेळती, स्वच्छतागृह स्वच्छ. जमिनीवरच्या जोड-गाद्यांचे कोपरे मात्र दोन ठिकाणी उचलले गेले आहेत आणि त्यांवर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेलेली आहे. अनवाणी मुलांच्या पायाचे बोट तिथे अडकते. पालकांना बसायला चार खुर्च्या आहेत, दुचाकी लावायला जागा नाही.

आता टेबलाकडे वळतो. प्रवेशाच्या वेळी मी मासिक फी विचारली, तेव्हा ‘महिन्याची फी आपल्याकडे नसतेच’ असे व्यवस्थापकांनी सांगितले. होते ते एकच पॅकेज: दोन वर्षे, महिना १,२०० रुपयांप्रमाणे २८,८०० रुपये, एकरकमी किंवा वित्त कंपनीमार्फत बारा हप्त्यांत. गणवेशाचे १,६०० रुपये वेगळे. पट्ट्यांच्या परीक्षांची फीही वेगळी, पहिल्या चार परीक्षांना प्रत्येकी ७०० आणि पुढच्या चारांना प्रत्येकी १,२००, म्हणजे एकूण ७,६००. पट्ट्याचा रंग गडद होत जातो तशी फीही चढत जाते. हे सगळे मिळून ३८,००० रुपये होतात, पण हा आकडा तिथल्या कोणत्याही कागदावर एका जागी लिहिलेला नव्हता. मी मोबाइलवर बेरीज करून दाखवली, तेव्हा व्यवस्थापकांनाही तो नवा असावा असे दिसले. माहितीपत्रक मराठीत, रंगीत, हातात चषक धरलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे. करारपत्र मात्र चार पानी, इंग्रजीत, बारीक टायपात, आणि सह्या तीन ठिकाणी. मी ते वाचायला बसलो, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, “सर, सगळेच पालक सही करतात, नुसती फॉर्म्यालिटी आहे. आम्ही काय कुणाला अडवून ठेवतो होय?”

पॅकेजचे नाव ‘ब्लॅक बेल्ट प्रोग्राम’. काळ्या पट्ट्याखालच्या श्रेणींना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजल्या जातात. भिंतीवरच्या तक्त्यात दहाव्या क्यूच्या पांढऱ्या पट्ट्यापासून पहिल्या क्यूच्या तपकिरी पट्ट्यापर्यंतचे टप्पे आणि त्यांच्यावर काळा पट्टा, म्हणजे पहिला दान, दाखवलेला होता. परीक्षा दर तीन महिन्यांनी, असे करारपत्रात छापलेले. दहाव्या क्यूवरून पहिल्या क्यूपर्यंत पोहोचायला नऊ परीक्षा लागतात आणि दानची दहावी. मूल एकदाही आजारी पडले नाही, एकदाही नापास झाले नाही, तरी त्याला तीस महिने हवेत. चोवीस महिन्यांत आठच परीक्षा होतात आणि मूल दुसऱ्या क्यूवर, तपकिरी पट्ट्यावर, थांबते. म्हणजे ज्या कराराच्या नावातच काळा पट्टा आहे, त्या करारात तो बसतच नाही. त्यासाठी पुढचा करार करावा लागतो. हा हिशेब मी मुख्य प्रशिक्षकांना दाखवला, तेव्हा त्यांनी हसून सांगितले की इतक्या लहान मुलांच्या काळ्या पट्ट्याचा विषय आपण चार-पाच वर्षांनी काढू. शिकवणाऱ्याचे मत आणि विकणाऱ्याचा कागद यांत इतके अंतर असावे, हे मला त्या वर्गाविषयी सर्वांत बोलके वाटते.

पट्ट्यांना परंपरेचे जे वलय दिले जाते, तेही पालकांनी थोडे तपासून घ्यावे. दान ही श्रेणी जिगोरो कानो यांनी जूदोसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली आणि गिचिन फुनाकोशी यांनी ती कराटेत आणून १९२४ साली पहिले दान दिले. म्हणजे ही रचना जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि श्रेणी ज्या संस्थेने दिली तिच्यावरच तिचे वजन ठरते. तायक्वांदोत कोरियातील कुक्कीवॉन ही संस्था पंधरा वर्षांखालील मुलांना दान न देता ‘पूम’ ही वेगळी श्रेणी देते आणि तिचा पट्टा लाल-काळा असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ठरलेल्या मुदतीत काळा पट्टा देण्याची हमी कोणी देत असेल, तर तो पट्टा कोणाच्या सहीचा असेल, हा प्रश्न फीच्या आधी विचारायला हवा.

करारपत्रातील काही कलमे सविस्तर सांगणे भाग आहे. कलम ४ म्हणते, भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही आणि दुसऱ्या मुलाच्या नावे वळवता येणार नाही. कलम ६ म्हणते, प्रशिक्षक, वेळ आणि ठिकाण यांत संस्था पूर्वसूचनेशिवाय बदल करू शकेल. ही दोन कलमे सुटी वाचली तर नेहमीची वाटतात; एकत्र वाचली की व्यवहाराचे खरे स्वरूप कळते. पालकाने दोन वर्षांची किंमत आज मोजायची, आणि ती ज्या गोष्टींसाठी मोजली त्यांतली एकही गोष्ट कायम ठेवण्याचे बंधन संस्थेवर नाही. कलम ७ पूर, साथ आणि सरकारी आदेश यांमुळे वर्ग बंद राहिल्यास फी परत नाही आणि मुदतवाढही नाही, असे सांगते. त्या काळात मोबाइलवर चित्रफिती पाठवल्या जातील. इतर कुठे असे कलम कागदापुरते राहत असेल, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी ज्यांनी सांगलीच्या गावभागात घराच्या पायऱ्यांवर पाहिले आहे, त्यांना ते तसे वाटणार नाही. विश्रामबाग तुलनेने उंचावर आहे हे खरे, परंतु वर्ग कोरडा असून मूलच तिथे पोहोचू शकत नसेल, तर त्या महिन्यांचे काय, याचे उत्तर करारात नाही.

कलम ९ मधूनच सोडण्याविषयी आहे. सोडणाऱ्या पालकाची ‘सवलत’ रद्द होते, झालेल्या महिन्यांची फी महिना १,८०० रुपये दराने नव्याने मोजली जाते आणि जे उरेल त्यातील निम्मी रक्कम रद्द करण्याचे शुल्क म्हणून कापली जाते. कलम ११ नुसार मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी कळवले नाही, तर करार आणखी बारा महिन्यांसाठी आपोआप वाढतो. कलम १३ मुलांची छायाचित्रे जाहिरातीत वापरण्याची कायमची परवानगी घेते, आणि कलम १४ सर्व वाद पुण्यात, संस्थेने नेमलेल्या लवादापुढेच चालतील असे ठरवते. सांगलीच्या पालकाने अठरा हजारांसाठी पुण्याच्या लवादापुढे जावे, ही अपेक्षा मुळात तो जाणार नाही या खात्रीनेच लिहिलेली असते.

मी कलम ११ आणि १३ वर काट मारली आणि कलम ६ च्या समासात निळ्या शाईने मराठीत एक ओळ लिहिली: ‘मुख्य प्रशिक्षक किंवा बॅचची वेळ बदलल्यास उरलेल्या महिन्यांची फी महिना १,२०० रुपये दराने तीस दिवसांत परत करण्यात येईल.’ व्यवस्थापकांनी आधी असे करता येत नाही म्हणून सांगितले, मग पुण्याच्या कार्यालयाला फोन लावला, बाहेर गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलले, आणि परत आल्यावर त्या ओळीशेजारी आखूड सही करून तारीख घातली व शिक्का मारला. छापील करारपत्र म्हणजे देवाघरून आलेला कागद, अशा समजुतीने बहुतेक पालक सही करतात. प्रत्यक्षात सही होईपर्यंत तो केवळ एका बाजूचा प्रस्ताव असतो, आणि त्यावर दुसऱ्या बाजूने लिहिलेल्या आणि दोघांनी मान्य केलेल्या ओळीलाही छापील मजकुराइतकेच वजन असते. समोरच्याने नकार दिला असता तर मी मुलीला शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या, महिन्याच्या महिन्याला फी घेणाऱ्या वर्गात घातले असते. असे वर्ग सांगलीत आहेत आणि त्यांतील काहींचे शिकवणे मुळीच कमी प्रतीचे नाही.

नवव्या महिन्यात मुख्य प्रशिक्षक वर्ग सोडून गेले. का गेले, हा त्यांचा आणि संस्थेचा प्रश्न आहे. त्यांच्या जागी तपकिरी पट्ट्याचे दोन महाविद्यालयीन विद्यार्थी आले. ते दोघे उत्साही होते, पण शिकवण्याचा अनुभव नव्हता. साडेपाच आणि साडेसहाच्या बॅचेस एकत्र करून वेळ साडेसातची केली गेली आणि वीसच्या जागी पंचेचाळीस मुले एका हॉलमध्ये उभी राहू लागली. मागच्या रांगेतल्या मुलाची मूठ कशी वळली आहे, हे पाहायला कोणी गुडघ्यावर बसत नव्हते, बसायला जागाही नव्हती. सकाळच्या शाळेसाठी लवकर उठणारे आठ वर्षांचे मूल रात्री नऊला घरी येऊन जेवणार असेल, तर शिकवणे उत्तम असूनही तो वर्ग त्याच्या कामाचा राहत नाही. इथे तर दोन्ही बाजू गेल्या होत्या.

मी उरलेल्या पंधरा महिन्यांचे १८,००० रुपये मागितले. तोंडी विनंतीला ‘बघू, वरून सांगतील’ एवढेच उत्तर मिळाले. लेखी मागणीला मात्र लेखी उत्तर आले आणि ते संग्रही ठेवण्यासारखे आहे. संस्थेने कलम ९ लावून नऊ महिन्यांचे १,८०० रुपयांप्रमाणे १६,२०० रुपये धरले, उरलेल्या १२,६०० मधून निम्मे कापले आणि ‘सद्भावना म्हणून’ ६,३०० रुपये देऊ केले. प्रवेश घेताना जी मासिक फी अस्तित्वातच नव्हती, ती पैसे परत करण्याच्या वेळी अचानक १,८०० रुपये दराने अस्तित्वात आली होती. समासातल्या ओळीचा त्या पत्रात उल्लेखही नव्हता.

अशा हिशेबाबाबत कायदा पालकांना वाटतो तितका मुका नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ मधील कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती सगळी आपोआप वसूल करता येत नाही. लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. एक मूल गेल्याने त्या हॉलचे भाडे वाढत नाही, उलट पंचेचाळीसच्या बॅचमध्ये एक जागा मोकळी होते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र कल्पनाच आणली आहे, आणि ग्राहकाच्या करारभंगाने झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लावणारी अट तिच्यात स्पष्टपणे येते. त्याच कायद्यानुसार सदोष सेवा बंद करून पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परताव्याची मुदत पावतीवर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. पुण्याच्या अटीचेही फारसे भय बाळगू नये. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, आणि करारात लवादाचे कलम असले म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो तक्रार लिहिण्यापूर्वीच ध्यानात घेतलेला बरा. करारातील अटच अनुचित म्हणून रद्द करून हवी असेल, तर ती तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. जिल्हा आयोगापुढे जायचे असेल, तर भर सेवेतील त्रुटीवर आणि अनुचित व्यापारी प्रथेवर द्यावा: प्रशिक्षक बदलला, बॅच दुपटीहून मोठी झाली, वेळ बदलली, पैसे अडवले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. शिक्षण ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे का, हा वाद शाळा-महाविद्यालयांच्या बाबतीत बराच काळ चालू आहे, आणि संस्थांचे वकील त्याचा आधार घेतात. परंतु राष्ट्रीय आयोगाने २०२० सालच्या निर्णयात खासगी कोचिंग वर्गांना शिक्षणसंस्थांच्या रांगेत बसवलेले नाही.

मला आयोगापर्यंत जावे लागले नाही. समासातील ओळीचे छायाचित्र, दोन्ही बॅचेसच्या जुन्या-नव्या वेळा सांगणारे वर्गाचेच संदेश आणि २८,८०० रुपयांची पावती जोडून मी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार संस्थेकडे पाठवून उत्तर मागते. पण स्थानिक व्यवस्थापकाच्या डोक्यावरून विषय मुख्य कार्यालयात पोहोचवायला तेवढे पुरले. ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून १,८०० रुपये कापून १६,२०० रुपये माझ्या खात्यावर आले. त्या १,८०० रुपयांना कोणताही आधार नव्हता, तरी तेवढ्यासाठी पुढे भांडत बसावे असे मला वाटले नाही.

ज्या पालकांचा उल्लेख मी सुरुवातीला केला, त्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते या वर्गाविषयीची सर्वांत गंभीर तक्रार तीच आहे. त्यांनी फी बारा हप्त्यांत भरली. टेबलावर त्यांना ‘बिनव्याजी हप्ते’ एवढेच सांगण्यात आले. प्रत्यक्षात मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्यावर त्यांच्या नावे एका वित्त कंपनीचे कर्ज झाले, वर्गाला सगळी रक्कम लगेच मिळाली आणि दरमहा २,४०० रुपये परस्पर बँक खात्यातून कापण्याची संमतीही त्याच बैठकीत दिली गेली. मुलाने वर्ग सोडला, हप्ता सुटला नाही. त्यांनी वर्गाकडे विचारणा केली तर वर्ग म्हणतो कर्ज तुमचे आणि कंपनीचे. कंपनीकडे विचारणा केली तर कंपनी म्हणते सेवा तुमची आणि वर्गाची. रागाच्या भरात खात्यात पैसे न ठेवणे हा मार्ग त्यांना अनेकांनी सुचवला. तसे केले तर हप्ता परत जाण्याचा दंड लागतो आणि थकबाकी पतमाहितीत नोंदली जाते, पुढे घराचे किंवा वाहनाचे कर्ज घेताना ती आडवी येते. त्यांनी ते केले नाही, हे योग्यच झाले. डिजिटल कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे कर्जाचा सगळा खर्च एका जागी मांडणारे मुख्य तथ्य विवरण ग्राहकाला आधी द्यावे लागते, आणि सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. त्या टेबलावर या दोन्ही गोष्टींचा उच्चार झाला नव्हता. आता वर्गाविरुद्धची त्यांची तक्रार जिल्हा आयोगापुढे आहे, आणि वित्त कंपनीने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची त्यांची तयारी आहे.

पालकांच्या गटात दोन समज फिरत असतात, त्यांचाही इथे निकाल लावतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे आहे, हे खरे; पण त्याच सूचनांतील कोचिंगच्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळलेले आहेत. कराटे वर्गापुढे तो कागद फडकावून उपयोग नाही. दुसरा समज क्रीडागुणांचा. प्रवेशाच्या वेळी ‘पुढे दहावीला मार्कही मिळतात’ असे सांगितले जाते. वर्गाने स्वतःच भरवलेल्या स्पर्धेत स्वतःच्याच विद्यार्थ्यांना वाटलेल्या पदकांवर ते गुण मिळत नाहीत. शासनाच्या क्रीडा विभागाच्या आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांतील कामगिरीच धरली जाते. मार्कांसाठी मुलाला घालणार असाल, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी चौकशी करा.

वर्गाची बाजूही आहे. जूनमध्ये भरलेली बॅच दिवाळीनंतर पातळ होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे निम्मी उरते. भाडे आणि प्रशिक्षकांचे मानधन मात्र बारा महिने द्यावे लागते. आज कराटे, उद्या स्केटिंग, परवा बुद्धिबळ अशी मुलांना फिरवणारी घरेही कमी नाहीत, आणि त्यांच्यामुळे वर्गचालक वैतागतात हे मी मान्य करतो. हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात तालमीत पोर घालताना कोणी चार पानांवर सह्या घेतल्या नाहीत, असे म्हणून गहिवरण्यात अर्थ नाही. तालमीला गावाचा आधार होता, या हॉलला नाही. पण त्या अडचणीवर तीन महिन्यांची आगाऊ फी आणि एका महिन्याची सोडण्याची सूचना एवढा उपाय पुरेसा आहे. दर तीन महिन्यांनी परीक्षा असतेच. तिच्याबरोबर फी आली तर मूल शिकते आहे की नाही हे पाहून पालक पुढचे पैसे देईल, आणि चांगला प्रशिक्षक टिकवून ठेवण्याची निकड संस्थेलाही राहील. दोन वर्षांचे पैसे आधीच हातात आल्यावर ती निकड संपते. या वर्गात सरांना जाऊ दिले गेले, त्याच्या मुळाशी हेच असावे असा माझा कयास आहे.

मध्यंतरी चौकशी केली, तेव्हा वर्गाने तीन महिन्यांची ४,५०० रुपयांची योजना सुरू केल्याचे समजले. माहितीपत्रकात आणि फलकावर ती नाही. टेबलावर मुद्दाम विचारावी लागते, आणि विचारल्यावरही आधी दोन वर्षांचेच गणित मांडले जाते. संध्याकाळची एक बॅच पुन्हा साडेपाचची केली आहे. करारपत्र अजूनही इंग्रजीतच आहे, कलम ६ जसेच्या तसे आहे, आणि गाद्यांच्या कोपऱ्यांवरची चिकटपट्टी बदललेली आहे, गाद्या नाहीत.